बाईंनी दिलेला ठोंब

बाई,

आज सकाळी पुन्हा तुमचा गवती चहा कापायला बसले आणि पुन्हा बोट कापून घेतलं. पात कशी धरायची हे हाताला माहीत नाही असं नाही, पण कापताना मी चिडलेली असते, आणि चिडलेल्या हाताला ती पात सोडत नाही. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "ओ ताई, चार पाती द्या ना, लेकराला सर्दी झालीय." दिल्या. तिनं तिथंच नाकाशी धरल्या, डोळे मिटले आणि म्हणाली, "काय वास हाय हो! तुमी आणला कुठून व्हता?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, आणि मी दर वेळी म्हणते, "माहेरून." त्याच्या पुढं कधी काही सांगत नाही. पुढचं जे आहे ते फक्त तुम्हालाच सांगण्यासारखं आहे, आणि तुम्ही तर कधीच्या गेलात.

तुम्ही जवळा बाजारला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलात तेव्हा आपला जिल्हा अजून परभणीच होता. लातूरकडून आलात, एकट्या, एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन. माझ्या चुलत्यांच्या घरामागची खोली तुम्ही भाड्यानं घेतलीत. खोलीमागं न्हाणी, आणि न्हाणीपासून भिंतीपर्यंत हातरुमालाएवढी जागा. आमच्याकडं अशा जागेत अळू लावतात, नाहीतर दोडक्याचा वेल चढवतात. तुम्ही गवत लावलंत. गावाला हसायला तेवढं पुरलं. चुलती आमच्या आईला म्हणाली होती, "बाईनं घरामागं गवत लावलं. म्हैस कवा आणून राहिल्यात, इचारा बरं." तुम्हाला ते कळलं असणारच, कारण तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात चुलतीला बोलावून तिला चहा पाजलात. ती परत आली आणि म्हणाली, "लिंबू पिळल्यावानी लागतंय, पण आंबट न्हाई." त्या दिवसापासून म्हशीचं कोणी बोललं नाही.

नववीचा वर्ग. तुम्ही फळ्यापुढं मला उभी करता आणि माझ्याच ओढणीनं माझे डोळे बांधता. वर्ग खिदळतोय. तुम्ही माझ्या नाकापुढं एक पान चुरगळता आणि विचारता, "काय आहे?" माझ्याआधी आलेल्या सगळ्या मुलींनी तिन्ही वेळा 'लिंबू' म्हणून सांगितलेलं असतं. मी हुंगते, पुन्हा हुंगते. मी म्हणते, "हे लिंबाच्या झाडाचं पान हाय, मागून कडू वास येतो." दुसऱ्या पानाला म्हणते, "ह्यात लिंबू हाय, पण त्याच्या मागं तुळस उभी हाय." तिसऱ्याला मी थांबते. "ह्यात लिंबू लई हाय बाई, पण हे झाड न्हाई. हे गवत हाय." तुम्ही ओढणी सोडता. तुमच्या हातात खरंच लिंबाचं पान, लिंबू-तुळशीचा शेंडा आणि गवती चहाची पात असते. तुम्ही वर्गाला सांगता की लिंबू या तिघांत एकच आहे, बाकी दोघांचा लिंबाशी काही संबंध नाही, पण तिघांच्याही पानात एकाच जातीचं तेल असतं आणि नाकाला तेवढंच कळतं. मग माझ्याकडं वळून, सगळ्या वर्गासमोर, तुम्ही म्हणता, "तू सायन्सला जायचंस."

बाई, तुम्ही ते म्हणायला नको होतं. म्हणायचंच होतं तर मागं उभं राहायला हवं होतं. त्याआधी माझ्या डोक्यात सायन्स नावाचं काही नव्हतं. कापूस वेचायचा, धाकट्या भावंडांना सांभाळायचं, शाळा आहे तोवर जायचं, एवढंच होतं आणि ते मला टोचत नव्हतं. त्या दिवसापासून टोचायला लागलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुमच्याकडं यायची. पाणी घालायचं, गवत खुरपायचं, लिंबू-तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या. मंजिऱ्या राहू दिल्या तर झाड म्हातारं होतं आणि पानं बारीक पडतात, हे तुम्हीच शिकवलं. एकदा तुम्ही वह्या तपासत आत बसला होता आणि मी आपल्या मनानं विळा घेऊन गवती चहा कापायला लागले. आमच्याकडं ज्वारीचा कडबा कापतात तसा, बुडापासून. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्या हातातला विळा हिसकून घेतलात. "अक्कल घरी ठेवून येतेस का? बूड कापलंस तर ते वर येणार कशातून? वीतभर ठेवायचं असतं, वीतभर!" इतकं मोठ्यानं बोललात की चुलती दारात येऊन उभी राहिली. मी रडले. घरी जायला निघाले तर तुम्ही म्हणालात, "बस. रडून झालं की चहा पी." तुमच्या त्या खोलीत रॉकेलचा स्टो, भिंतीवर एक फळी, फळीवर मोजकी भांडी. तुम्ही पातींची गाठ मारून ती उकळत्या पाण्यात सोडलीत, आल्याचा तुकडा ठेचून टाकलात, खाली उतरवताना गूळ घातलात. मी दूध मागितलं तर म्हणालात, गुळात दूध फाटतं, असाच प्यायचा. कप एकच होता. तो तुम्ही मला दिलात आणि स्वतः पेल्यातून प्यायलात. मला अजून वाटतं की तेवढा मान मला त्या वयात दुसऱ्या कोणी दिला नव्हता. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

दहावीची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात स्थळ आलं. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूचं गाव, कालव्याचं पाणी असलेली जमीन, मुलगा एकटा कमावता, मागणी काही नाही. आबांना ते सोडवेना. मी आईजवळ म्हणाले की मला अकरावीला हिंगोलीला जायचंय, एसटीचा पास काढून रोज जाईन. आई म्हणाली, "मला काय सांगती, बापाला सांग." बापाला सांगायची माझी छाती नव्हती. गावात आबांसमोर मोठ्यानं बोलणारी एकच बाई होती, आणि ती तुम्ही. आबा तुम्हाला मानायचे. बाजारात भेटलात की टोपी सारखी करायचे. एकदा तुम्ही नुसता निरोप धाडला होता, तर त्यांनी माझं नाव सहलीला घातलं होतं. मला वाटलं, बाई एकदा घरी आल्या, बैठकीत बसल्या आणि म्हणाल्या की पोरगी हुशार आहे, दोन वर्षं थांबा, तर आबा थांबतील.

भर दुपारी मी तुमच्याकडं आले. तुम्ही पेटी भरत होता, सुटीत गावाकडं जायचं होतं. मी दारातच सगळं सांगून टाकलं. "बाई, तुमी एकदा घरी या. तुमी बोलल्या तर आबा ऐकतील. तुमचं ते बराबर ऐकतील." तुम्ही घडी घातलेलं लुगडं हातात धरून तशाच उभ्या राहिलात. मी वाट बघून राहिले. तुम्ही विचारलं, "मुलगा काय करतो?" मी म्हणाले, "शेती." तुम्ही विचारलं, "पाणी आहे?" मी म्हणाले, "कालवा हाय." मग तुम्ही मागं गेलात. मला वाटलं, चप्पल घालायला गेलात. मी दारातून बाजूला झाले, तुम्हाला वाट द्यायला.

तुम्ही खुरपं घेऊन बसला होता. मोठ्या ठोंबातला एक गड्डा तुम्ही सोडवलात, वरची पात वीतभर ठेवून छाटलीत, लोंबती मुळं कापलीत आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलंत. कागदाच्या पुडीत लिंबू-तुळशीचं बी दिलंत. माझ्या हातात देऊन म्हणालात, "हे ने. कुठंही लागतं. फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नकोस." मी म्हणाले, "आणि घरी?" तुम्ही म्हणालात, "नीट राहा." आणि आत जाऊन पुन्हा पेटी भरायला लागलात.

बाई, मी तुमच्याकडं गवत मागायला आले नव्हते. 'कुठंही लागतं' हे तुम्ही कोणाबद्दल म्हणालात ते मला त्या वयातही कळलं होतं. रस्त्यानं येताना मी इतकी चिडले होते की घरी पोचल्यावर ते गोणपाट पुडीसकट उकिरड्यावर भिरकावलं. आईनं संध्याकाळी शेण टाकताना ते पाहिलं, उचलून आणलं आणि हौदाजवळ खोचून ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येऊन परत निघाले तेव्हा तिनं ते एका डालड्याच्या डब्यात घालून माझ्यापुढं ठेवलं. "बाईनं दिलंय ना, ने." बीची पुडी तिनं माझ्या पातळाच्या पदराला बांधली. एसटीत सगळा रस्ता तो डबा माझ्या मांडीवर होता आणि बाजूची म्हातारी विचारत होती, "काय हाय पोरी, कांद्याचं रोप व्हय?"

निकाल मला सासरी कळला. भाऊ सांगायला आला होता. शाळेत मुलींमध्ये पहिली आले होते. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, पेढे आणा." पेढे आले, वाटले आणि संपले. मी त्या वेळी मागं न्हाणीजवळ तुमचं गवत लावत होते, कारण डब्यात ते पिवळं पडायला लागलं होतं आणि मला ते मरू द्यावं की जगवावं हे ठरवता येत नव्हतं. सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे गवत काहून लावून राहिली? बांधावर काय कमी हाय?" मी म्हणाले, "चहाचं हाय." त्या म्हणाल्या, "चहाला पत्ती आणतोत की दुकानातून."

आमची जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात न्हाणीचं पाणी आणि वरचं पाणी एकत्र तुंबलं आणि अर्धा गड्डा कुजला. हाताला बुळबुळीत लागायला लागला आणि लिंबाच्या वासाऐवजी गटाराचा वास यायला लागला. मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पण मी काय केलं, तर उरलेला अर्धा काढला, नवऱ्याला पूर्णा नदीची वाळू आणायला लावली, मुरूम आणि शेणखत मिसळून उंच ओटा केला आणि त्यावर पुन्हा लावला. त्यानं विचारलं, "एवढं काय हाय त्यात?" मला वाटतं, तुमच्याशी भांडायला माझ्याजवळ तेवढीच एक वस्तू होती.

मग ते असं माजलं की विचारू नका. दिवाळीपर्यंत कमरेएवढं झालं. सासूबाईंना थंडीत खोकला लागला, मी काढा करून दिला, त्यांना घाम आला आणि रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्या माझ्याच चहाच्या गोष्टी सांगायला लागल्या. बाया यायला लागल्या. कोणाला तापाला, कोणाला पोट फुगलं म्हणून, कोणाला नुसता पाहुणा आला म्हणून. लिंबू-तुळस तर अंगणभर आपोआप उगवायची. मी तिची पानं ताकात चुरायची, काकडीच्या कोशिंबिरीत घालायची, आणि नवरा जेवताना म्हणायचा, "लिंबू घातलं का ग?" म्हातारे लोक सांगायचे की त्या गवतात साप बसतो, म्हणून ओटा मी कायम मोकळा, खुरपलेला ठेवायची. एकदा दिरांनी हिंगोलीहून रोपवाटिकेतून तसंच गवत आणलं, म्हणाले, वहिनीचा ठोंब एकटा आहे, जोडीला लावू. मी पात मोडून हुंगली आणि सांगितलं, हे प्यायचं नाही, हे डास पळवायचं आहे, याचं बूड बघा तांबडं आहे. कोणी ऐकलं नाही. चहा झाला, पहिला घोट दिरांनीच घेतला आणि अंगणात थुंकले. "साबण हाय का काय!" सगळे हसले, आणि सासरे म्हणाले, "आपल्या सूनबाईचं नाक भारी हाय." बाई, मी पण हसले. पण आत जाऊन भाकरी थापताना रडू आलं. हे नाक घेऊन मी दुसरीकडं कुठं तरी जाणार होते, आणि ते इथं चहा ओळखायच्या कामाला आलं.

थोरल्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर मी माहेरून परत आले, आणि एके दिवशी काहीच कारण नसताना विळा घेऊन तो सगळा ठोंब बुडापासून कापून काढला. ज्यावरून तुम्ही ओरडला होता ना, तस्साच, मातीला टेकवून. वरून उकळतं पाणी ओतलं. सासूबाई बघत होत्या. थोड्या दिवसांनी एका कडेनं बारीक पोपटी पात वर आली. मी ओट्यावर बसून तिच्याकडं बघितलं आणि मला तुमचा असा राग आला की विचारता सोय नाही. मेलंसुद्धा नाही ते.

आणि मग तुम्ही भेटलात. हिंगोलीच्या बसस्टँडवर. आता जिल्हा हिंगोली झाला होता. मी सासूबाईंना डोळे दाखवायला आणलं होतं, त्या बाकावर बसल्या होत्या आणि मी पाणी भरून आणत होते. तुम्ही खूप वाळला होता. केस पांढरे, हातात कापडी पिशवी. मी तुम्हाला ओळखायच्या आधी तुम्ही मला ओळखलंत. पहिला प्रश्न काय विचारलात आठवतं? "लागला का ग?"

मी एवढी वर्षं काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं. मी म्हणाले, "चहाचं सोडा बाई. तुमी आल्या काहून न्हाई?"

तुम्ही लगेच समजलात. कुठं, कधी, काही विचारलं नाहीत. खांबाला टेकून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "तुझ्या चुलत्याच्या घरात राहत होते मी. तू यायच्या आठ दिवस आधी ते येऊन सांगून गेले होते, बाई, आमच्या घरच्या पोरींच्या डोक्यात काही भरू नका, नाहीतर खोली रिकामी करा. एकट्या बाईला त्या गावात दुसरी खोली कोणी दिली नसती."

मी म्हणाले, "दिली असती बाई. कोणी तरी दिली असती."

"तुला तसं वाटतं," तुम्ही म्हणालात. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि म्हणालात, "भ्याले मी. झालं?"

'झालं?' असं विचारलंत, जसं काही फळ्यावरचं गणित सोडवून दाखवलं आणि आता बसा खाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात परभणीची गाडी लागली, लोक पळायला लागले, तुम्ही पिशवी सांभाळत दारात घुसलात. खिडकीतून हात केलात. मी केला नाही. सासूबाईंनी विचारलं, "कोण व्हती ती?" मी म्हणाले, "शाळेतली बाई." त्या म्हणाल्या, "मग चहाचं न्हाई सांगितलं का तिला? तिनंच दिलता ना? तुझी आई म्हणाली व्हती."

पुढच्या वर्षी जवळ्याच्या बाजारात शाळेतली एक मैत्रीण भेटली, तिनं सांगितलं की तुम्ही गेलात. कशानं ते तिलाही नीट माहीत नव्हतं. मी चुलत्यांच्या घराकडं गेले. मागच्या जागेत त्यांनी शहाबादी फरशी टाकली होती, वर मोटारसायकल उभी होती. चुलती म्हणाली, "बसा की, चहा घेता?" साधा, दुधाचा चहा दिला. मी प्यायले आणि आले.

राग तेव्हाच संपायला हवा होता. माणूस गेलं, कारण कळलं, अजून काय पाहिजे? पण तो संपायचं नाव घेईना. भीतीचं कारण मला पटलं, आणि पटलं म्हणून जास्त चिडचिड व्हायला लागली. खोली गेली असती, खरंय. पण त्या दिवशी मी दारात बाजूला होऊन वाट देत उभी होते, त्याचं काय करायचं? तुम्ही तेव्हाच मला सांगितलं असतं की पोरी, मला भीती वाटते, तर मी तुमच्या गळ्यात पडून रडले असते आणि तुमच्यावर कधी रागावले नसते. तुम्ही मला गवत दिलंत.

आता मला तुम्हाला जे सांगायचंय ते. मधल्या काळात मी अंगणवाडीत लागले. दहावी पास एवढंच लागत होतं, ते माझ्याकडं होतं. अंगणवाडीच्या भिंतीला लागून मी लिंबू-तुळस लावली. लेकरं येताना एकेक पान चुरून हात हुंगत आत येतात. आमच्या गावाला लागून तांडा आहे, तिथली लेकरंही आमच्याकडंच येतात. एका लेकराला रोज सोडायला त्याची मोठी बहीण यायची. ती दहावी झाली होती. एक दिवस लेकराला आत सोडून ती दारातच उभी राहिली. मी खिचडीचं पातेलं उतरवत होते. ती म्हणाली, "ताई, एक काम व्हतं. बा लग्न ठरवून राहिला. मला नर्सिंगला जायचंय. तुमी एकदा घरी येऊन बोलता का?"

बाई, मला काय काय दिसलं सांगू? तांड्यावरच्या बाया लेकरं धाडायच्या बंद होतील. पर्यवेक्षिका विचारेल, तुम्हाला कोणी सांगितलं होतं नसत्या भानगडीत पडायला. नवरा म्हणेल, आपलं बघ. मी त्या पोरीला म्हणाले, "जा, मी बघते." ती गेली. मी पातेलं तसंच ठेवून बाहेर आले. तुळशीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. म्हटलं, तोडायचं नाही. काही तोडून द्यायचं नाही, काही नाही.

संध्याकाळी मी गेले. तिच्या बापानं मला बाजेवर बसवलं, बाजेवर सतरंजी टाकली, कोरा चहा दिला. माझ्या बापाहून तो माणूस गोड बोलला. माझं सगळं ऐकून घेतलं. मी हुशारीचं सांगितलं, वयाचं सांगितलं, नर्सिंगच्या वसतिगृहाचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमी बराबर बोलून राहिल्या. माझ्या ध्यानात येतं. पण आमी उसाला जातो, सहा महिने घर बंद. जवान पोरगी कोणाच्या भरवशावर ठिवू? तुमी ठिवता का?"

ठेवते म्हणायचं होतं. माझ्या घरात सासू, सासरे, दीर, दोन लेकरं. मी 'घरी विचारते' म्हणाले. तो हसला, वाईट नाही, नुसता हसला, आणि म्हणाला, "मग झालं तर."

लग्न झालं. तांड्यावरून लेकरं यायची काही दिवस बंदच झाली. पर्यवेक्षिकेनं जे बोलायचं ते बोलून घेतलं. नवरा म्हणाला, "काय मिळालं जाऊन?" मी म्हणाले, "काही न्हाई." मला वाटलं होतं, तुम्ही आला असतात तर माझं सगळं बदललं असतं. इतकी वर्षं ते धरून बसले होते. मी स्वतः जाऊन आले तेव्हा कळलं की बदललं नसतं. आबांनी तुम्हाला पाट दिला असता, चहा दिला असता, टोपी सारखी केली असती आणि तारीख काढली असती. वर तुमची खोली गेली असती. म्हणजे तुमचा हिशेब बरोबर होता बाई, आणि त्याचाच मला संताप येतो.

पण एक गोष्ट तुमच्या हिशेबात नव्हती. ती पोरगी पुढं एकदा माहेरी आली तेव्हा कडेवर लेकरू घेऊन अंगणवाडीत आली. मी मान खाली घालून रजिस्टर लिहीत होते, मला तिच्याकडं बघवत नव्हतं. ती म्हणाली, "ताई, अशा काहून बसल्या? तुमी आलत्या ना." एवढंच. मग लेकराचं वजन करायला सांगितलं. मी वजन केलं, आकडा सांगितला, ती हसली आणि गेली. मला हेवा वाटला तिचा. तिला नर्सिंग मिळालं नाही, पण तिच्याकडं कोणी तरी आलं होतं, आणि हे ती कोणालाही सांगू शकते. मला कोणी विचारलं तर मी काय सांगू? म्हणून मी 'माहेरून' म्हणते.

तर बाई, तुम्ही यायला पाहिजे होतं. काही झालं नसतं तरी यायला पाहिजे होतं.

लिहून झालं. हे घडी घालून पेटीत साड्यांच्या खाली ठेवीन. आणि एक कबूल करून टाकते. तुम्ही आज जिवंत असतात, तुमचा पत्ता माझ्याजवळ असता, तरी मी हे टपालात टाकलं नसतं. तुम्ही उलट टपाली उत्तर दिलं असतं, मुद्देसूद, वर्गात द्यायचात तसं, आणि मला ते पटलं असतं. मला अजून पटवून घ्यायचं नाही.